चार इंचांचा स्ट्रोक

वसमतला गाडीचं वय विचारावं लागत नाही, नंबर प्लेट सांगते. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला आणि पुढं इथल्या नव्या गाड्यांवर एमएच-३८ आलं. त्याआधीच्या गाड्या एमएच-२२ च्या, परभणीच्या. मोंढ्यात आज एमएच-२२ ची एखादी मालवाहू गाडी उभी दिसली, की जुनी माणसं मालक कोण हे विचारायच्या आधी तिच्याभोवती एक चक्कर मारतात. गाडी शाबूत आहे याचं त्यांना फारसं काही वाटत नाही. ती अजून कामात आहे, याचं वाटतं.

आमच्या अण्णाची पिकअप त्यातली. अण्णा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. काकांनी उसाच्या बिलातून ही गाडी घेतली तेव्हा आमच्या गल्लीत दुसरी चारचाकी नव्हती. महिंद्राची, डीपी इंजिनाची. प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्यावरून महिंद्रानं इगतपुरीच्या कारखान्यात जे डिझेल इंजिन काढलं, ते हे डीपी. चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा बोअर, २११२ सीसी. त्याचा स्वभाव मुळात मोकळ्या रस्त्याचा. वेग घेऊ दिला की खुशीत पळायचं. पण खालच्या वेगात ओझं टाकलं की आवाज बदलायचा. आणि आमच्याकडचं सगळं काम खालच्याच वेगातलं.

हळद हे फार वजनदार पीक आहे, हे ती करणाऱ्यालाच कळतं. लोकांना दिसते ती बाजारातली वाळलेली, पॉलिश केलेली, पिवळीजर्द कांडी. शंभर किलो अशी हळद हातात यायला पाच क्विंटलच्या आसपास ओली हळद वाहावी लागते. बाकीचं सगळं पाणी. ते पाणी रानातून काढायचं, गाडीत भरायचं, काळ्या मातीतून गाडीवाटेनं शिजवायच्या जागेवर आणायचं, आणि तिथं वाफेवर शिजवून, उन्हात वाळवून हवेत सोडून द्यायचं. जानेवारीपासून मार्चपर्यंत वसमतच्या शिवारात हेच चाललेलं असतं. अलीकडं वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण मानांकन मिळालं म्हणून ओल्या पोत्याचं वजन कमी झालं नाही.

या कामात ती गाडी इतकी वर्षं झिजली, की शेवटी शेवटी सकाळी चालू करणं हाच एक विधी झाला होता. किल्ली अर्धी फिरवायची, हीटर तापायची वाट बघायची, मग सेल्फ मारायचा. पांढरा धूर, धक्के, एकेक सिलिंडर जागं होत जायचं. ऑइल भरायचं झाकण उघडलं की तिथूनही धूर. कॉम्प्रेशन गेलं होतं. अण्णा गाडी उतारावर उभी करू लागला, म्हणजे ढकलायला सोपी.

अण्णाच्या पोराचं म्हणणं साधं होतं. "पप्पा, यात बोलेरोचं सीआरडी इंजिन टाकू. मोबाईलवर बघा, लोक कशाकशात टाकायलेत." मोबाईलवर खरोखरच टाकत होते. पंजाबात, केरळात, कुठंकुठं. पंधरा मिनिटांच्या चित्रफितीत जुनं इंजिन वर उचललं जातं, नवं खाली बसतं, गाणं वाजतं, गाडी धुरळा उडवत निघून जाते. मधले कित्येक दिवस त्या चित्रफितीत नसतात.

परभणी रोडला चाचांचं गॅरेज आहे. पत्र्याचं शेड, चेन-पुली लटकवायला एक जाडजूड आडवी तुळई, आणि भिंतीवर पान्यांच्या आकाराचे काळे डाग. पाना जागेवर नसला तर भिंत दाखवते कुठला गेला. चाचांचे वडील मोटारीचे मिस्त्री नव्हते. ते विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. आपल्याकडं वीज शिवारात पोचायच्या आधी पाणी उपसलं ते किर्लोस्कर आणि कूपर या नावांनी. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्यात खडकीला सुरू झाली. कूपर साताऱ्याची, त्याच्याही आधीची. मराठवाड्यात डिझेल आधी विहिरीवर आलं, रस्त्यावर नंतर. त्यामुळं इथल्या जुन्या मिस्त्र्यांची विद्या एकाच जागी उभ्या असलेल्या, एकाच तालात तासन्‌तास चालणाऱ्या इंजिनापासून सुरू झाली. अशा इंजिनापाशी बसून माणूस ऐकायला शिकतो. चाचा अजूनही लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकतात, आणि कुठल्या सिलिंडरचा नोझल टपकतोय ते सांगतात.

इंजिन बदलणं त्यांना नवीन नव्हतं. महिंद्रानं १९४७ पासून जोडायला घेतलेल्या विलिस जीपा मुळात पेट्रोलच्या. १९७३ नंतर जगात तेल महाग झालं आणि तालुक्याच्या गावांत त्या जीपा पोसणं अवघड होऊन बसलं. मग देशभर मिस्त्र्यांनी त्यांत डिझेल इंजिनं बसवायला घेतली. बजाज टेम्पोची मॅटाडोर आली, तिचं इंजिन मर्सिडीझच्या परवान्यावरचं, ओएम ६१६. ते इतकं टिकाऊ निघालं की मॅटाडोर भंगारात गेल्यावरही इंजिन जीपमध्ये, अँबॅसिडरमध्ये चालत राहिलं. कंपनीच्या अभियंत्यांनी ज्या जोड्या कधी कागदावर मांडल्या नाहीत, त्या छिन्नी, लेथ आणि वेल्डिंगच्या जोरावर गावोगावच्या शेडांत लागल्या. या कामाचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही, याचं मला वाईट वाटतं. विहिरीवरच्या इंजिनाचं निदान नाव तरी पुस्तकात येतं.

अण्णानं विषय काढला तेव्हा चाचांनी गाडीकडं पाहिलंच नाही. पोराकडं पाहिलं.

"इंजिन बसतंय भैया. इंजिन कुठंबी बसतंय. गाडी बसली पाहिजे ना."

"म्हणजे काय, चाचा?"

"म्हणजे पैसा आण, मग सांगतो."

इंजिन आणलं नांदेडच्या बाजूनं, अपघातात सापडलेल्या एका बोलेरो पिकअपचं. चाचांची अट होती की बिल पाहिजे, जुन्या आरसीची प्रत पाहिजे आणि इंजिन नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे. नंबर घासलेलं इंजिन स्वस्त मिळतं. ते शेडमध्ये शिरू द्यायचं नाही, हा त्यांचा बापापासूनचा नियम. इंजिनाबरोबर गिअरबॉक्स, वायरिंगचा अख्खा गठ्ठा, ॲक्सिलरेटरचं पेडल, ईसीएमचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, डबा आणि किल्लीसुद्धा घेतली. किल्ली कशाला, हे अण्णाला तेव्हा कळलं नव्हतं.

जुनं डीपी उतरवताना मी तिथं होतो. पाणी काढलं, रेडिएटर काढला, डिझेलच्या नळ्या सुटल्या, फौंडेशनचे बोल्ट सुटले, आणि चेनवर ते इंजिन हळूहळू वर आलं. गाडीचं तोंड एकदम वर उचललं गेलं. पुढचे पाटे इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मोकळे झाले होते. इंजिनाखालच्या आडव्या पट्टीवर ऑइल आणि मातीचा बोटभर थर बसला होता. चाचांच्या हाताखालचा पोरगा तो खरवडत होता आणि थरात पिवळी रेघ निघत होती. हळद तिथवर गेली होती.

मग नवं इंजिन स्टँडवर घेतलं. नवं म्हणजे आमच्यासाठी नवं. २५२३ सीसी, कॉमन रेल, टर्बो. ताकदीचा आकडा त्रेसष्ट अश्वशक्ती, म्हणजे डीपीपेक्षा फारसा वेगळा नाही. फरक होता तो खालच्या वेगातल्या ओढीत, ती जवळपास दीडपट. हळदीला हवी होती ती हीच. चाचांनी हेड काढलं होतं, गॅस्केट बदलायचं म्हणून. त्यांनी बोअर मोजला, खोली मोजली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पोराला म्हणाले, "हे मॉडर्न आहे म्हणलास ना तू?"

"हो चाचा. कॉमन रेल आहे."

"तुझ्या आज्याच्या ट्रॅक्टरचं आहे."

बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८८.९ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १०१.६. हे आकडे मिलिमीटरमध्ये विचित्र वाटतात. इंचात मांडा, साडेतीन आणि चार. कुणी अभियंता मिलिमीटरमध्ये विचार करून १०१.६ वर थांबत नाही. हा चार इंचांचा स्ट्रोक इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या इंग्लंडातल्या ट्रॅक्टर-इंजिनांचा आहे. महिंद्रानं १९६३ साली त्या कंपनीबरोबर मुंबईत ट्रॅक्टर करायला घेतले, त्यातला बी-२७५ आमच्या भागातल्या कितीतरी शिवारांनी पाहिला आहे. त्याचा बोअर या इंजिनाहून जरा लहान, स्ट्रोक तोच. त्या घराण्याचं इंजिन ट्रॅक्टरातून जीपमध्ये आलं, जीपमधून बोलेरोत, बोलेरोतून पिकअपमध्ये. वाटेत त्याला डायरेक्ट इंजेक्शन मिळालं, टर्बो मिळाला, कॉमन रेल मिळाली, संगणक मिळाला. पिस्टनची धाव मात्र चार इंचच राहिली.

मला त्या दुपारी फार बरं वाटलं. जुन्या फ्रेंच इंजिनाच्या जागी आम्ही 'आधुनिक' म्हणून जे बसवत होतो, ते रक्तानं त्याच्याहून जुनं, नांगराच्या कामाचं निघालं होतं. उलट डीपीच या मातीला परकं होतं आणि इतकी वर्षं निमूट ओझं वाहत होतं. आधुनिकपणा मग होता कुठं? डिझेल देण्याच्या हिशोबात. डीपीचा नोझल शंभर-सव्वाशे बार दाबाला उघडतो आणि ते डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटतं. कॉमन रेलमध्ये हजार बारच्याही वर जाणाऱ्या दाबाखालचं डिझेल एका नळीत सतत तयार असतं. भरलेल्या ट्रकच्या टायरात आठ बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज करा. ते डिझेल कधी सोडायचं, किती आणि एका फेरीत किती वेळा विभागून, हे ईसीएम ठरवतो. डीपीत हे सगळं पंपाच्या पोलादी पोटात दातांनी आणि स्प्रिंगांनी ठरायचं. ते पंप उघडून दिसायचं, हाताला लागायचं, कानाला ऐकू यायचं. नव्यातलं काहीच दिसत नाही.

बसवण्याचं काम चाचांनी पुरेसा वेळ घेऊन केलं. फौंडेशन नवं केलं. आधी पुठ्ठ्याचं, मग जाड पत्र्याचं, तेही दोनदा कापून. ऑइल चेंबर पुढच्या आडव्या पट्टीला घासत होता, पट्टीला वळण दिलं. गिअरबॉक्स लांब निघाला म्हणून मागचा शाफ्ट लेथवर कापून आखूड केला आणि नांदेडला पाठवून बॅलन्स करून आणला, नाहीतर चाळीसच्या पुढं गाडी थरथरते. इंटरकूलर पुढच्या जाळीमागं कसाबसा कोंबला. यात विशेष काही नाही. असली कामं या शेडनं बऱ्याचदा केली आहेत.

अडलं ते वायरींपाशी. जुन्या पिकअपला दिवे, हॉर्न, सेल्फ आणि हीटर, एवढ्यापुरती वीज लागायची. एकदा चालू झालं की बॅटरी काढून ठेवली तरी डीपी चालत राहिलं असतं. नव्या इंजिनाला क्रँकचा सेन्सर, कॅमचा सेन्सर, रेलच्या दाबाचा, पेडलचा, पाण्याचा, हवेचा, असे सगळे जागेवर हवेत. एकानं उत्तर दिलं नाही तर ते रुसत नाही, सरळ पेटायचं नाकारतं. आणि किल्लीतली चिप ओळखली नाही तर सेल्फ फिरतो, पण डिझेल मिळत नाही. अण्णाला किल्लीचं कोडं तिथं उलगडलं.

त्यासाठी नांदेडहून एक पोरगा आला. पाठीवर सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप आणि स्कॅनर. हात स्वच्छ. चाचांनी त्याला स्टूल दिलं, चहा मागवला आणि स्वतः बाजूला उभे राहिले. पोरगा चांगला होता, हे सांगितलं पाहिजे. उगाच शहाणपणा केला नाही, चाचांना चाचाच म्हणाला. पण त्याच्या पडद्यावर आकडे पळत होते आणि चाचा ते आकडे बघत होते, ऐकत नव्हते. ऐकण्यासारखं काही नव्हतंच. इंजिन बंद असतानाच त्याच्यातला दोष सापडत होता.

"रेल प्रेशर बनत नाही," पोरगा म्हणाला.

"एअर धरली असंल," चाचा म्हणाले.

पोरग्यानं दुसरंच काही तपासलं, तिसरं काही तपासलं. शेवटी फिल्टरच्या जोडापाशी एअरच निघाली. चाचा हसले नाहीत. नळीचा क्लॅम्प बदलला आणि म्हणाले, "बघ, आता येतंय का ते तुझ्या टीव्हीवर."

आलं. इंजिन पेटलं. धूर नाही, धक्के नाहीत, हीटरची वाट बघणं नाही. अण्णाच्या पोरानं मोबाईलवर ते टिपलं आणि गाणं लावून पुढं पाठवूनही दिलं.

इंजिनाला गाडीचं काळीज म्हणायची आपल्याकडं रीत आहे. मला ती पटत नव्हती, या गाडीनंतर तर अजिबात पटत नाही. काळीज बदललं तर माणूस बरा होतो. या गाडीचं इंजिन बदललं आणि तिचे बाकीचे सगळे आजार उघडे पडले. औंढ्याकडच्या चढावर भरल्या पोत्यांनिशी ती तिसऱ्यात चढली, हे खरं. डीपी असताना तिथं दुसरा गिअर लागायचा. पण पलीकडच्या उतारावर अण्णाला घाम फुटला. ब्रेक त्याच जुन्या गाडीचे होते, त्याच जुन्या वेगाच्या हिशोबाचे. पाटे थकलेले. स्टिअरिंगला हातभर मोकळीक. आधी इंजिनच कमजोर असल्यामुळं हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. जोरात पळायची सोय नसलेल्या गाडीला थांबायची फार चिंता नसते. चाचांनी मग लायनर बदलले, ड्रम घासून घेतले, मोठा बूस्टर बसवला. त्यांच्या पहिल्या दिवशीच्या वाक्याचा अर्थ अण्णाला त्या उतारावर कळला असावा. तो म्हणाला नाही तसं, पण ब्रेकचे पैसे देताना घासाघीसही केली नाही.

डिझेलचीही सवय मोडावी लागली. आमच्याकडं रानात कॅनमधून, पिंपातून डिझेल भरतात. वर फडकं धरलं की गाळलं असं समजतात. डीपी ते पचवायचं. कॉमन रेलच्या नोझलची भोकं किती बारीक आणि तिथं पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण काय करतो, हे त्या लॅपटॉपवाल्या पोरग्यानं समजावून सांगितलं. आणि एका नोझलची किंमतही सांगितली. दुसऱ्या दिवसापासून कॅन बंद, थेट पंपावरचं डिझेल.

मग कागद. फिटनेसची वेळ आली तेव्हा अण्णानं आरसी काढली. त्यावर डीपीचा इंजिन नंबर, इंधन डिझेल, सीसी २११२. बॉनेटखाली २५२३. अण्णाची समजूत अशी, की डिझेलच्या जागी डिझेलच घातलंय, महिंद्राच्या जागी महिंद्राचंच, एक नंबर बदलून घेतला की झालं. कार्यालयातल्या माणसानं शांतपणे कलम समजावलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं मुळात जी वैशिष्ट्यं ठरवली, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. खराब इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन घालायचं तर परवानगीची वाट आहे. वेगळ्याच जातीचं इंजिन ही निराळी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही लिहून ठेवली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. विम्याचं तर विचारायलाच नको. कागदावर नसलेल्या इंजिनाच्या गाडीला अपघात झाला तर कंपनीला पैसे नाकारायला कारण शोधावं लागत नाही.

अण्णा चिडला. "जीपात मॅटाडोर टाकलं तव्हा कुठं होता कायदा?" तेव्हाही कायदा होताच, पण राग समजण्यासारखा आहे. जी कला देशभरच्या शेडांत दोन पिढ्या चालली, जिनं भंगारात गेलेल्या गाड्यांना पुन्हा कामाला लावलं, ती कायद्याच्या नजरेत छेडछाड ठरते. तरी मी कायद्याच्या बाजूचा आहे. त्या उतारावर गाडीत मी बसलो होतो. समोरून एसटी आली होती, आणि एसटीत बसलेल्या माणसांना अण्णाच्या गाडीत किती सीसी आहे आणि ब्रेक कुठल्या सालचे आहेत हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. चाचांसारखा मिस्त्री ब्रेक करून देतो. सगळेच देत नाहीत.

आता ती पिकअप आमच्या स्वतःच्या रानात, हळदीच्या सऱ्यांपासून शिजवायच्या जागेपर्यंत चालते. वाळलेली हळद हिंगोलीच्या यार्डात न्यायला भाड्याची गाडी येते, एमएच-३८ ची. काढलेलं डीपी चाचांच्या शेडमध्ये कोपऱ्यात आहे. अण्णानं ते विकलं नाही. उघडून पाहिल्यावर कळलं, लायनर आणि रिंगाच गेल्या होत्या, क्रँक ठीक होता.

म्हणून गावात आता कुणी मला विचारलं तर माझं उत्तर तयार असतं. जुनंच इंजिन आधी उघडून बघा. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवीन घाला, पंप आणि नोझल टेस्टिंग करून घ्या. कागद जसेच्या तसे राहतात आणि खर्चही निम्म्याहून कमी येतो. इंजिन बदलायचंच असेल तर भंगारवाल्याकडं जायच्या आधी आरटीओत जा, तुमच्या गाडीत कुठलं चालेल ते लेखी घ्या. आणि इंजिन कुठलंही घाला, पहिला पैसा ब्रेकवर घाला.